शेवटच्या घाण्याची गाडी

गंगाखेडच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मी खोली शोधत हिंडत होते. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका फाटकावर खडूने लिहिलेली पाटी दिसली, 'खोली भाड्याने देणे आहे'. कडी वाजवली. पायजमा, बनियन आणि कानावर पेन्सिल अशा थाटात एक म्हातारा बाहेर आला. मला त्याने नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याच्या आधी किती घरं बघितली?"

"हे पहिलंच," मी म्हटलं. वाटलं, ऐकून बरं वाटेल बिचाऱ्याला.

"मग जा. बाकीची बघून घ्या आन् शेवटी इकडं या."

आणि फाटक लावून घेतलं! मला असा संताप आला म्हणता! मनात म्हटलं, या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, झाडाखाली राहावं लागलं तरी बेहत्तर.

मग मी सात घरं बघितली. एकात पाणी नव्हतं. एकात होतं, पण ते भिंतीतून यायचं. दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्याबरोबर खोली 'कालच गेली' होती. सातव्या घरातून निघाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि चपलेचा अंगठा तुटला होता. मुकाट्याने पहिल्या फाटकाशी आले. म्हातारा ओट्यावर दोन खुर्च्या मांडून बसला होता, आणि रिकाम्या खुर्चीपुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला होता.

"आता कसं!" तो म्हणाला. "आता तुमाला ही खोली खरी दिसंल."

आडनाव त्याने विचारलंच नाही. ते त्याला कळलं चार महिन्यांनी, माझं पोस्टाचं पाकीट आलं तेव्हा. पाकीट माझ्या हातात देताना म्हणाला, "म्याडम, तुमच्या अक्षरापेक्षा पाकिटावरचं अक्षर लय चांगलं हाय." बस, एवढंच.

हे आमचे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. परभणी जिल्ह्यातले निम्मे बांध आपण मोजलेत असं ते सांगायचे, आणि त्यातले निम्मे अजून कोर्टात आहेत असं काकू सांगायच्या. पण काकांचा पिंड मोजणीत घडला नव्हता, तो घडला गुऱ्हाळात. त्यांचे वडील गुळव्या होते. गोदावरीच्या काठच्या गुऱ्हाळांमध्ये उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा, आणि ती काहील भट्टीवरून नेमकी कधी उतरवायची हे ते वासावरून सांगायचे.

"पयल्या काहिलीचा गूळ काळा," काका सांगायचे. "भट्टी थंडी, काहील थंडी, माणसं झोपंत. दुसरी जरा बरी. पर खरा गूळ निघतो शेवटच्या काहिलीचा. तवर हात बसलेला आसतो."

वडील हे गुळापुरतं बोलले होते. काकांनी ते सगळ्या दुनियेला लावलं. तळणाचा जसा घाणा असतो तसा प्रत्येक गोष्टीचा घाणा असतो, आणि शहाण्या माणसाने शेवटच्या घाण्याची वाट बघावी, असं त्यांचं शास्त्र होतं. गिरणीत दळण घेऊन गेले की ते येणाऱ्या प्रत्येकाला "तुमी व्हा पुढं" म्हणायचे आणि दुपारी जेवायच्या वेळी गेलेला माणूस दिवेलागणीला पिठाचा डबा घेऊन यायचा. न्हाव्याकडे दुकान बंद होता होता जायचे. दिवसभर कात्री चालवून त्या माणसाचा हात इतका बसलेला असायचा की काकांच्या डाव्या कानाला मी दोनदा तरी चिकटपट्टी बघितली. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत. तोवर जिलेबी संपलेली असायची, भजी संपलेली असायची. काका नुसतं वरण-भात खाऊन उठायचे आणि वर सांगायचे, "शेवटच्या पंगतीला वरण असं उतरतं म्हणता, की बस!" पेपरसुद्धा ते शेवटच्या पानाकडून वाचायचे. त्यांना दोन मुली, दोघी लग्न होऊन पुण्याकडे गेलेल्या. त्यातली धाकटी बापाचं हे शास्त्र फार मनापासून मानायची.

जेवणाचं तर विचारूच नका. काकू चुलीवर ज्वारीच्या भाकरी करायच्या आणि मी बहुतेक संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातच असायचे. काका ताट घेऊन पाटावर बसायचे आणि थांबायचे. "होऊ द्या, होऊ द्या." मला वाढलं जायचं, शेजारणीची लेकरं आली तर त्यांना वाढलं जायचं, काका आपले परातीतल्या पिठाकडे बघत बसलेले. शेवटची भाकर तव्यावरून उतरली की ती त्यांची. कधी काकूंना अंदाज चुकून आणखी एक उंडा निघाला की झालंच.

"ही शेवटची म्हणली होतीस ना?"

"म्हणले होते. आता ही हाय शेवटची."

"मंग मी खायलाव ती कितवी?"

आणि पहिली भाकर? तवा नीट तापायच्या आधीची, चिरलेली, एका बाजूला काळी पडलेली? ती काकू खायच्या, सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेली. मी एकदा म्हटलं, "काकू, ती टाकून द्या की." त्या हसल्या. "पोरी, कुणीतरी खावंच लागती की पयली."

आता गाडीचं सांगते. घरापुढे अंगणात एक पत्र्याचं शेड होतं, तीन बाजूंनी विटांच्या भिंती आणि पुढे लोखंडी दार. आत काही नाही. झाडून लख्ख. माझी स्कूटी मात्र बाहेर उन्हात. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काका, स्कूटी त्या शेडात लावू का?"

"तिथं गाडी हाय."

"कुठंय गाडी?"

"यायचीय."

ती गाडी गेली चाळीस वर्षं यायची होती. अँबेसिडर, पांढरी. त्यांच्या लग्नात नवरी घेऊन निघताना ते काकूंच्या वडिलांना म्हणाले होते, "आबा, आता बशीनं चाललोय, पर पुढल्या टायमाला येईन ते सोताच्या गाडीत." नवरदेव बोलून गेला. पण काकूंचं माहेर चारठाण्याचं, आणि चारठाण्याचे ते आबा शब्दाला धरून बसणारे. दर दिवाळीला लेक-जावई यायच्या दिवशी ते वेशीत जाऊन उभे राहायचे, गाडी बघायला. एसटी यायची, काकू उतरायच्या, काका सगळ्यात शेवटी उतरायचे. आबा विचारायचे, "गाडी?" काका सांगायचे, "आबा, अजून हात बसायचाय कंपनीचा." असं करता करता एका दिवाळीला वेशीत आबा नव्हतेच. मग काकूंचे थोरले भाऊ, नाना, तिथे उभे राहायला लागले. नाना थट्टेखोर. "दाजी, गाडी कुठं लावली? देवळामागं का?" आणि आता नानांनी ऐंशी ओलांडली होती.

काकूंना गाडीची हौस नव्हती. एवढंच हवं होतं की नाना वेशीत उभे आहेत तोवर एकदा, फक्त एकदा, गाडीतून उतरावं. हे त्यांनी मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

"आदी ऐपत नव्हती, तवा ह्यांनी हे शेवटच्या घाण्याचं काढलं," काकू म्हणाल्या. "मला बी बरं वाटलं, माणूस खजील तर होत न्हाई. मंग ऐपत आली, तर हे सुटंचना."

काकांनी शिकून, परीक्षा देऊन लायसन काढलं होतं आणि गाडी नसताना ते वेळच्या वेळी नवं करून आणायचे. दर गुढीपाडव्याला, लोक गाड्या घ्यायला निघतात त्या मुहूर्तावर, ते नांदेडच्या एका गाडीविक्रेत्याला फोन लावायचे. मी स्वतः ऐकलंय.

"नमस्कार. कारखाना बंद कधी करायलेत?"

पलीकडचा माणूस कळवळायचा. "काका, सणासुदीचं तरी चांगलं बोला हो!"

"चांगलंच बोलायलाव. शेवटचा लॉट निघाला की सांगा, म्हंजी मी लगेच निघतो."

"सांगतो. सगळ्यात आधी तुम्हालाच सांगतो."

"आदी नका सांगू. सगळ्यांचं झालं की सांगा."

मग त्या उन्हाळ्यात बातमी आली. सुटी लागली होती, पण शाळेची कागदपत्रं संपत नव्हती म्हणून मी गावी गेले नव्हते. काका ओट्यावर पेपर वाचत होते, अर्थात मागून. एका आतल्या पानावर थांबले. कारखान्याच्या फाटकावर सकाळी नोटीस लागली, काम बंद. अँबेसिडर आता निघणार नाही. मला वाटलं, काका उडी मारतील. चाळीस वर्षांची वाट फळाला आली की! त्यांनी घाईघाईने नांदेडला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"काका, शेवटचा लॉट असा निघालाच नाही," तो माणूस म्हणाला. "रोजच्या निघतात तशा गाड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार आले तर फाटक बंद. आदल्या दिवशी जी निघाली ती शेवटची. पण बनवणाऱ्याला कुठं ठाऊक होतं ती शेवटची आहे म्हणून?"

"मंग... तुमच्याकडं एखादी?"

"माझ्याकडं नाही आता. आणि असली असती तरी ती कितवी हे मी कसं सांगू?"

काकांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "म्याडम, गुळव्याला ठाव आसतं, रस संपला, आता ही शेवटची काहील. तवा त्यो जीव लावून काढतो. ह्या माणसांला कुणी सांगितलंच न्हाई की वो."

खुर्ची उचलून ते त्या रिकाम्या शेडात जाऊन बसले. दोन दिवस तिथेच. पत्रा असा तापायचा की चिमणी टेकत नव्हती, पण हे आत बसलेले. मला इतकं वाईट वाटलं, आणि काकूंसाठी तितकाच रागही आला. जेवायला यायचे, मिळेल ती भाकर खायचे. काकू घाबरल्या. "कितवी दिली त्ये बी बघंनात," मला हळूच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी चारठाण्याहून फोन आला. काकूंच्या भाच्याचा. नानांनी चार दिवसांपासून अन्न सोडलंय, आत्याला घेऊन या.

काकूंनी पिशवी भरली. दोन लुगडी, नानांना आवडतो म्हणून गुळाचा खडा, पाण्याची बाटली. रडल्या नाहीत. "साडेदहाची परभणी गाडी घावंल," एवढंच म्हणाल्या आणि पायात चपला घातल्या.

काका शेडातून बाहेर आले. "थांब जरा."

"आता कशाची वाट बघायची?" काकू फाडकन बोलल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "बंद पडला ना कारखाना? मंग आता कशाची?"

काका फाटकातून निघून गेले. काकू पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. साडेदहाची गाडी गेली. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. बाराला गल्लीच्या तोंडाशी असा काही आवाज झाला की कुत्री उठून पळाली. आणि धूर सोडत, खडखडत, भोंगा वाजवत एक अँबेसिडर आमच्या फाटकापुढे उभी राहिली. स्टिअरिंगवर काका.

मूळची पांढरी असावी. एका मागच्या दाराला सुतळी बांधलेली. मागच्या सीटवर कोंबडीची दोन पिसं. नदीकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यामागे ती उभी असायची, पोळ्याला आणि दसऱ्याला बैलांबरोबर तिचीही पूजा व्हायची. त्याच्या बांधाची मोजणी कधीकाळी काकांनी केली होती. ती विकत घेऊनच ते आले होते.

"काका, ही कितव्या घाण्यातली?" माझ्या तोंडून गेलंच. सवय हो, दुसरं काय!

"इचारू नका," काका म्हणाले. "आमच्या लग्नाच्या आदलीच आसंल. बसा लवकर, बंद केली तर चालू व्हईल का न्हाई सांगता येत न्हाई."

गाडी ढकलायची वेळ आली तर माणूस पाहिजे म्हणून मलाही घेतलं, आणि ती वेळ तीनदा आली. परभणीच्या पुलावर, बोरीच्या अलीकडे आणि जिंतूरच्या चढाला. काकू मागे पिशवी धरून ताठ बसलेल्या, सुतळीच्या दाराला एका हाताने ओढून. काका चाळीस वर्षं हातात लायसन घेऊन बसलेले, परीक्षेनंतर गाडी कधी चालवलेली नाही, त्यामुळे समोरून काहीही आलं की थांबायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या त्याला पुढं."

चारठाण्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वेशीत कोणी नव्हतं. काकूंनी मान वळवून बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. काकांनी ते आरशात पाहिलं. घरापुढे येऊन त्यांनी भोंग्यावर हात ठेवला तो उचललाच नाही. पोरं जमली, बायका जमल्या. आतून भाचा धावत आला. "आत्या, नाना इचारायलेत, कशात आलीस म्हणून!"

नाना आत बाजेवर होते, नुसती हाडं उरलेली. पण म्हणाले, मला बाहेर घ्या. चौघांनी बाज उचलून दारापुढच्या लिंबाखाली, गाडीपाशी आणली. नानांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, ते अजून चांगलंच तापलेलं होतं.

"दाजी," ते हसले, "लय जुनी दिसायलीय. शेवटची आणणार होतात ना?"

"नाना, चुकलं माझं," काका म्हणाले. सगळ्या गल्लीसमोर म्हणाले.

"आसू द्या. मला बसवा आत. वेशीपत्तर न्या."

पुढच्या सीटवर नानांना बसवलं, मागे काकूंनी त्यांचे खांदे धरले. मी मागून चालत गेले. गाडी वेशीत जाऊन थांबली. नाना काचेतून बाहेर बघत होते. "बाई," ते काकूंना म्हणाले, "आबा हितं उभे ऱ्हायचे. ह्या दगडापशी." मग थोड्या वेळाने म्हणाले, "चला आता. चहा टाकायला सांगा." त्या संध्याकाळी त्यांनी चहात बुडवून अर्धी भाकर खाल्ली. पुढे पंधरा दिवसांनी ते गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. बोरी मागे पडली. काकू खिडकीतून बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आबा आसताना आणली आसती, तर आबा बी बसले आसते." तक्रार नव्हती हो त्या आवाजात. काकांनी गिअर बदलला, तो चुकीचा पडला, गाडी बंद पडली आणि मला पुन्हा उतरावं लागलं.

घरी आलो. शेडाचं दार उघडलं, काकांनी गाडी आत घातली. सुरेख बसली, दोन्ही बाजूंना वीत वीत जागा. मी टाळ्या वाजवल्या. काका काही बाहेर येईनात.

"काय झालं वो?" काकूंनी विचारलं.

"दार उघडंना!"

उघडणार कसं? चाळीस वर्षांपूर्वी साहेबांची उभी गाडी काकांनी सुतळीने मोजून घेतली होती. तेव्हा तिची दारं लावलेली होती. दारं उघडायला जागा लागते हे, जिल्ह्यातले निम्मे बांध मोजणाऱ्या या माणसाच्या लक्षातच आलं नव्हतं! काका खिडकीतून आधी डोकं, मग हात, मग बाकीचे असे कसेबसे निघाले. काकू भिंतीला टेकून हसायला लागल्या. इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. नानांसाठी, आबांसाठी, कशासाठी ते मी विचारलं नाही. काका पायजम्याची धूळ झटकत तिथेच उभे राहिले.

गाडी मग गल्लीत उभी राहायची आणि शेडात माझी स्कूटी.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. काकूंनी चूल पेटवली, पहिली भाकर टाकली. नेहमीसारखी चिकटली, चिरली, एका अंगाला काळी झाली. त्यांनी ती सवयीने बाजूला टोपल्यात ठेवली. काका पाटावर बसले होते. त्यांनी हात लांब करून ती भाकर उचलली, आपल्या ताटात घेतली आणि मोडली.

"अवो, ती माझी हाय!" काकू म्हणाल्या.

"आजपासून माझी." काका घास चावत होते. चांगलीच चिवट असणार. "शेवटची तू खायाची. गरम गरम. आदी खायाची, मंग बाकीचं."

काकूंनी उरलेल्या भाकरी केल्या. मला वाढल्या. शेवटची टम्म फुगून उतरली, तशी त्या तिच्याकडे नुसत्या बघत बसल्या. काका म्हणाले, "खा की." तव्यापाशी बसूनच त्यांनी एक तुकडा मोडला. मी आणि काका, दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"कशी हाय?" काकांनी विचारलं.

काकूंनी घास गिळला. "भाकरीवानी भाकर हाय की वो," त्या म्हणाल्या. "पयलीसारखीच लागायली."

काकूंनी मात्र ती भाकर सगळी खाल्ली, चतकोरसुद्धा मागे ठेवली नाही.